बारा नंबरच्या झडपेवरचं कुलूप

पहिलं नाही

"नाही," कडी म्हणाली.

कागदोपत्री तिला चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते हजेरीपटावरच झोपून असायचं. लहानपणी रुसली की ती बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावून बसायची. घरचे दार ठोठावून थकत, माफी मागत, शेवटी जेवायला बसत, तरी ती उघडायची नाही. तेव्हा बापाने तिला कडी म्हणायला सुरुवात केली. आता ती मोठी झाली, शिकली, कारखान्यात अख्ख्या पाळीची प्रमुख झाली, आणि तरीही कडी ती कडीच. स्वभावाला औषध नसतं.

"एकदा नीट ऐकून तरी घे," मालक म्हणाले.

"ऐकलं. नाही."

दोघं बारा नंबरच्या झडपेपाशी उभे होते. झडप बंद होती. तिच्या चाकातून साखळी ओवलेली, आणि साखळीला कडीचं लाल कुलूप. झडपेच्या अलीकडे टाकीतला अमोनिया, पलीकडे भट्टी. भट्टीत नळ्या, नळ्यांत निकेलच्या गोळ्या, आणि सगळं लालबुंद तापवलेलं. अमोनिया त्यातून गेला की फुटतो. हायड्रोजन वेगळा, नायट्रोजन वेगळा. जो हट्टी अमोनिया फुटत नाही, त्याला पुढच्या मनोऱ्यात पाण्याने धुऊन काढायचं. मग नायट्रोजन गाळायचा, आणि उरलेला हायड्रोजन कॉम्प्रेसरने दाबून टाक्यांत भरायचा. त्या हायड्रोजनवर गावच्या नव्या बस धावणार होत्या. उद्यापासून. उद्या सकाळी मोठी माणसं येणार, पहिली बस भरली जाणार, टाळ्या होणार.

आणि आज सकाळी कॉम्प्रेसरच्या शेडमधला कावळा ओरडला.

कावळा म्हणजे छताच्या अगदी टोकाला बसवलेला डिटेक्टर. हायड्रोजन हलका, सुटला की वर पळतो, म्हणून डिटेक्टरही वर. एकदा ओरडला, गप्प झाला, पुन्हा ओरडला. फिटर म्हणाला, "बरोबर आहे, उद्या पाहुणे येणार ना." सगळे हसले. कडी हसली नाही. तिने शेड रिकामी केली, कॉम्प्रेसर थांबवला, बारा नंबर बंद केली आणि कुलूप लावलं. मग शेडच्या दाराशी टांगलेला लांब दांड्याचा झाडू पुढे धरून ती एकटी आत गेली. बाहेरचा माणूस समजतो की झाडू झाडायला आहे. हायड्रोजनची ज्वाळा दिवसाउजेडी डोळ्यांना दिसत नाही. झाडूचं टोक पेटलं तर समजायचं, इथे आग आहे, आणि जिथे असू तिथून मागे फिरायचं. झाडू पेटला नाही. पण कावळा उगाच ओरडला, असाही त्याचा अर्थ होत नव्हता.

"वास आला का कुणाला?" मालकांनी विचारलं.

"हायड्रोजनला वास नसतो, मालक."

"दुसऱ्यांच्या नसेल. आपला हायड्रोजन अमोनियाच्या पोटचा आहे. पोर बापाच्या वळणावर जाणारच. थोडातरी वास मारतोच."

"पोराला आता रोज अंघोळ घालतो आपण. धुण्याचा मनोरा बदलल्यापासून वास उरलाय कुठे?"

"मनोरा तूच बदलायला लावलास!"

"लावला. वास गेला. गळती जाईल असं मी म्हटलं नव्हतं."

मालक वाईट माणूस नव्हते. पूर्वी याच जागी त्यांचा बर्फाचा कारखाना होता आणि ते स्वतः लाद्या ओढायचे. पण उद्याच्या खुर्च्या मांडून झाल्या होत्या. "एक दिवस," ते म्हणाले, "फक्त एक दिवस त्या कावळ्याची तार काढून ठेवू. परवा तू सगळं खोलून बघ."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबतं का, मालक?"

"म्हणजे काय करायचं म्हणतेस?"

"पाइपातला हायड्रोजन काढून टाकायचा. नायट्रोजन भरून दाब द्यायचा. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं. जिथे फुगा वाढतो तिथे गळती. मग दुरुस्ती. मग कुलूप काढायचं."

"किती वेळ?"

"लागेल तेवढा."

दुसरं, सगळ्यांसमोर

"साफ!"

हा आवाज अंगणाच्या त्या टोकाहून आला आणि तो ऐकून फिटरने हातातला पाना खाली ठेवला. या कारखान्यात "साफ" हा शब्द एकच माणूस उच्चारायचा. कडीचा बाप.

त्याला सगळे नाकवाले म्हणत. बर्फाच्या कारखान्यात लाद्या गोठवायला अमोनियाच वापरायचे, आणि अमोनिया हा प्रामाणिक विषारी वायू आहे. सुटला की आधी नाकात बोट घालून सांगतो, मी सुटलोय, पळा. बाकीच्यांना तो झोंबल्यावर कळायचा. नाकवाल्यांना झोंबायच्या कितीतरी आधी. म्हणून रोज पाळी सुरू होण्याआधी ते हात मागे बांधून, हनुवटी वर करून सगळ्या पाइपांवरून एक फेरी मारायचे. प्रत्येक जोडापाशी थांबायचे. हुंगायचे. शेवटी हात वर करून "साफ!" म्हणायचे. तोवर कोणी बटणाला हात लावत नसे.

बर्फ गेला, भट्टी आली. फेरी राहिली.

आणि ती काही फुकाची राहिली नव्हती. नव्या कारखान्याच्या पहिल्या महिन्यांत धुण्याचा मनोरा रडतखडत चालायचा, हायड्रोजनला अमोनियाचा बऱ्यापैकी वास असायचा, आणि नाकवाल्यांनी भट्टीच्या पुढच्या दोन गळत्या नुसत्या नाकाने पकडल्या होत्या. मालकांनी भरसभेत पाठ थोपटली होती. नाकावर माशी बसू न देणारा माणूस, त्या दिवसापासून मान आणखीच ताठ झाली.

"साफ," ते जवळ येऊन पुन्हा म्हणाले. "शेडसुद्धा. छताखाली शिडी लावून हुंगलं मी."

"घ्या," मालक म्हणाले. "आता बोल."

कडीने बापाकडे पाहिलं. "बाबा, हुंगलं तेव्हा पाइपात दाब होता?"

"नव्हता. तूच बंद केलंस ना सगळं."

"आणि दाब असता तर वास आला असता?"

"माझ्या नाकाला आला नाही म्हणजे नाहीच! हे नाक तुझ्या जन्माच्या आधीपासून—"

"माहीत आहे. तरी नाही."

फिटर खोकला. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "बापाला पोरीनं झाडूनं झाडलं." नाकवाल्यांचं नाक लाल झालं, हे मात्र सगळ्यांना दिसलं.

मालकांनी तिला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला. "हे बघ. नाक उपयोगाचं नाही असं तू सिद्ध केलंस, तर फेरी बंद. फेरी बंद झाली तर तुझ्या बाबांना मी इथे कशासाठी ठेवायचं? तूच सांग."

कडीने किल्ली खिशात आणखी खोल सारली. झडप उघडली नाही.

पाटीवरचं

कारखान्याच्या दारातली पाटी, रंगाने लिहिलेली:

*दुरुस्तीच्या वेळी प्रत्येकाने स्वतःचं कुलूप लावावं.*
*ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली.*
*दुसऱ्याच्या कुलपाला कोणीही हात लावणार नाही.*
*— मालक*

खाली, खडूने, वेगळ्या अक्षरात:

*मालकसुद्धा?*

त्याच्या खाली, आणखी वेगळ्या अक्षरात:

*हो.*

घासाबरोबर

त्या संध्याकाळी घरात तिघं जेवत होते आणि फक्त भांडी बोलत होती.

शेवटी बाप बोलला, पण भिंतीशी. "काही लोकांना वाटतं, चार पुस्तकं वाचली की बापाचं नाक गळून पडतं."

"काही लोकांना वाटतं," कडी दुसऱ्या भिंतीला म्हणाली, "कारखाना उडाला तरी चालेल, पण फेरी चुकता कामा नये."

"फेरी गेली की मी गेलो, कळतंय का तुला? मालक मला काय तोंड बघायला ठेवणार आहेत?"

"कळतंय."

"मग?"

"मग नाही. शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू करायला फिटर जातो, बाबा. त्याच्यामागून तुम्ही जाता. कावळा एकदा नाही, दोनदा ओरडलाय. तुम्ही गेलात म्हणजे कामावरून गेलात, एवढंच मला परवडेल. दुसरं जाणं मला परवडणार नाही."

बाप घास तोंडाशी धरून थांबला. मग अपमानाने पुन्हा डोकं वर काढलं. "गळतीच नाही तिथे! असती तर वास आला असता!"

आईचं जेवण झालं होतं. तिने ताटात हात धुतला आणि म्हणाली, "तुमच्या शर्टांना वास येत नाही हल्ली."

"काय?"

"लग्न झाल्यापासून तुमचे शर्ट वेगळे धुतेय मी. बादलीत टाकले की डोळ्यांतून पाणी यायचं. गेले काही महिने काहीच नाही. मला तर वाटलं, तुम्ही कामावर जातच नाही. दिवसभर कुठे बसता म्हणून एकदा मागे येणार होते."

कडीला हसू फुटलं. बापाला नाही. "मनोरा चांगला चालतो आता, म्हणून."

"म्हणजे वास गेला, काम चालूच आहे. असंच ना?"

"आता तू पण सुरू झालीस?"

"मला तुमच्यातलं काही कळत नाही. मला डबे कळतात." ती उठली, स्वयंपाकाच्या ओट्यावरून सारखे दिसणारे दोन डबे घेऊन आली. "डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ?"

"घाबरलात?"

झालं. नाकवाल्यांनी डोळे घट्ट मिटले. आईने झाकणं काढली आणि एकेक डबा त्यांच्या नाकाखाली धरला. "एकात काहीतरी आहे, एक रिकामा आहे. कुठला भरलेला, नाकाने सांगा. हातात घ्यायचा नाही."

त्यांनी हुंगलं. लांब, दमदार, शिस्तीत. पहिला. दुसरा. पुन्हा पहिला.

"फसवतेस तू. दोन्ही रिकामे."

"नक्की?"

"कशालाच वास नाही."

"म्हणजे साफ?"

"साफ!"

आईने दुसरा डबा त्यांच्या मांडीवर उलटा केला. काठोकाठ भरलेलं थंड पाणी. नाकवाले असे उडाले की ताट भिंतीला लागलं.

"अगं ए! वेड लागलं का तुला?"

"साफ म्हणालात ना? म्हटलं, मग भिजायला काय आहे त्यात," आई म्हणाली आणि फरशी पुसायला फडकं आणायला गेली.

कडी ताटात बघत राहिली. या वेळी हसायची तिची हिंमत झाली नाही.

न बोललेलं

सकाळी दोरीवर बापाची पँट वाळत होती, अजून ओली.

रोज दोघं बरोबर निघत, तो सायकलवर, ती मागच्या कॅरिअरवर उलटी बसून, कारण सुलट बसलं की बापाची पाठ नाकाला लागते. आज तो तिला न घेता, न बोलता पुढे गेला.

कडी चालत गेली. वाटेत तिने ठरवलेलं सगळं पुन्हा ठरवलं. मालक ओरडतील: नाही. मालक समजावतील: नाही. मालक बाबांना काढून टाकतील: इथे ती एका दुकानाच्या बंद फळीपाशी थांबली, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग पुढे गेली.

कुणाला अपेक्षित नसलेलं

दोन नव्या बस दाराशी उभ्या होत्या, धुऊनपुसून लखलखीत, पोटात थेंबभर हायड्रोजन नसलेल्या. खुर्च्यांवर मोठी माणसं बसायला लागली होती. फिटरच्या हातात साखळी कापायची मोठी कात्री होती आणि ती कुठे लपवावी हे त्याला सुचत नव्हतं.

"नाकवाले," मालक म्हणाले, "फेरी मारा. आणि साफ जरा मोठ्याने म्हणा, खुर्च्यांपर्यंत जाऊ दे. मग फिटर कुलूप कापेल."

"पाटी तुमची आहे, मालक," कडी म्हणाली.

"पाटी रंगवून घेतली तशी पुसूनही घेईन! तुझी नोकरी आज संध्याकाळी बघतो."

"बघा. फिटर, तू कापणारच असशील तर काप, मी तुझा हात धरणार नाही. फक्त एक विचारते. कुलूप कापल्यावर कॉम्प्रेसर चालू करायला शेडमध्ये कोण जाणार?"

फिटरने मालकांकडे पाहिलं.

"कोण म्हणजे? रोजचाच. फिटर."

"आज तुम्ही जा की, मालक. वास तर नाहीच आहे."

मालकांनी छताकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे, मग घड्याळाकडे. फिटरने कात्री जमिनीवर ठेवली. "पातं बोथट झालंय वाटतं," तो म्हणाला. कात्री नवीकोरी होती.

एवढ्यात नाकवाले निघाले. हात मागे, हनुवटी वर. टाकीपाशी थांबले, हुंगलं. भट्टीपाशी. मनोऱ्यापाशी. खुर्च्यांवरची माणसं कौतुकाने बघत होती. कुणीतरी विचारलं, हे काय चाललंय, आणि कुणीतरी समजावलं, अनुभवी माणूस आहे. शेडच्या दारात ते बराच वेळ उभे राहिले. आत गेले नाहीत. मान वर करून छताच्या टोकाला बसलेल्या कावळ्याकडे बघत राहिले, जसं एखादा जुना खेळाडू आपल्या जागी खेळणाऱ्याकडे बघतो.

मग परत आले. हात वर केला नाही.

"साफ?" मालकांनी विचारलं.

"वास नाही."

"म्हणजे साफ."

"नाही."

फिटरने पायाने कात्री मागे सरकवली.

"वास नाही, एवढंच मी सांगतो," नाकवाले म्हणाले. "अमोनिया सुटला असता तर शपथेवर सांगितलं असतं. पुढचं माझ्या नाकाच्या हातात राहिलेलं नाही. पाण्यालाही वास नसतो, मालक, आणि काल मी त्यात बुचकळून निघालो."

हे शेवटचं कडीशिवाय कुणालाच कळलं नाही.

"नाकवाले," मालक हळू बोलले, म्हणून जास्त जड बोलले. "साफ म्हणायचं नसेल तर फेरी कशाला हवी? आणि फेरी नको तर—"

"तर मला ठेवू नका."

"शब्द मागे घ्या."

"शेंडी तुटो की पारंबी तुटो, मालक. आजवर या तोंडातून साफ निघालं ते खरं निघालं. तुमच्या खुर्च्यांसाठी एक खोटं काढलं, तर आधीची सगळी नासतील."

ते वळले आणि दाराकडे चालू लागले. कडीला वाटलं, बाबा घरी निघाले. पण ते सायकलींपाशी गेले, वाकले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात सायकलची साखळी होती, गंजकी, तिचं छोटंसं कुलूप लोंबत. त्यांना कारखान्याचं कुलूप कधी मिळालंच नव्हतं. नाकाला कुलूप कशाला लागतं?

त्यांनी ती साखळी बारा नंबरच्या चाकात ओवली, लाल कुलपाच्या शेजारी. किल्ली फिरवली. किल्ली खिशात टाकली.

"ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली," ते म्हणाले. "फिटर, तुझं कुठेय?"

फिटर धावत कपाटाकडे गेला.

शेवटचं? छे

मोठी माणसं चहा पिऊन गेली. बस ओढून नेल्या. मालक कचेरीत जाऊन बसले आणि दार असं लावलं की पाटीवरचा खडू झडला.

शेडमधल्या पाइपातला हायड्रोजन बाहेर उघड्यावर सोडून नायट्रोजन भरला, दाब चढवला. कडीने बादलीत साबण कालवला आणि बापाच्या हातात ब्रश दिला.

"हे मी करू?"

"तुम्हाला प्रत्येक जोड तोंडपाठ आहे. दुसरा कोण करणार?"

"मस्का नको लावूस. साबण लाव."

ते एकेका जोडाला फेस लावत, गुडघे टेकून बसत. सवयीने नाक पुढे जाई.

"बाबा, नाक नाही. डोळे."

"माहीत आहे गं! नाक डोळ्यांच्या पुढेच असतं माणसाचं, काय करू?" ते आणखी वाकले. "हा बघ. फुगा."

कडी झटकन आली. दोघं श्वास धरून बघत राहिले. फुगा थरथरला, त्यात शेडची खिडकी उलटी दिसली, आणि तो जागच्या जागी फुटला.

"तुमच्या ब्रशचा होता," कडी म्हणाली.

"असेना. पुढचा."

उन्हं उतरली तेव्हा मालक दारात आले. आत नाही, दारात. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या होत्या. लाद्या ओढायच्या दिवसांत दुमडत तशा.

"सापडलं?"

"अजून नाही," कडी म्हणाली.

"किती झालं?"

"निम्मं."

"आणि उरलेल्या निम्म्यात काही निघालं नाही तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून. दाब वाढवून."

"आणि तेव्हाही नाही निघालं तर? कावळाच वेडा निघाला तर? सगळं गाव मला हसतंय, आणि तुम्ही बापलेक फुगे उडवताय!"

"हसू दे," नाकवाले फेसातून बोलले.

"तुमची सायकल बाहेर तशीच उभी आहे, नाकवाले. बिनकुलपाची. कोणीतरी नेईल."

"नेऊ दे. चालत जाऊ."

मालकांनी एक बाही आणखी वर सारली. मग, अगदी साध्या आवाजात, जणू घरचं काही विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आज तरी उघडणार का?"

कडीने तोंड उघडलं होतं. पण उत्तर बापाने दिलं, पुढच्या जोडावरून डोळे न काढता.

"नाही."